संगणकी हिशेबाचें प्रात्यक्षिक : तें कसें रचावें व कसें पारखावें

शेतीस लागणारी वस्तु घ्यावयाची तर ती आधीं हातांत घेऊन पाहावी, ही आपली जुनी चाल आहे. फाळ वाजवून पाहतात, बियाणें मुठींत घेऊन पाहतात, बैल चार पावलें चालवून पाहतात. सांप्रत मात्र एक अशी वस्तु गांवोगांव विक्रीस येत आहे कीं, जिला वजन नाहीं, वास नाहीं, आणि जिचा गुण किंवा दोष पैसे मोजून झाल्यावर एकदोन हंगामांनीं कळतो. ही वस्तु म्हणजे हिशेब व दप्तर सांभाळणारें संगणकाचें सॉफ्टवेअर होय.

ही गोष्ट आतां आपल्यापासून दूर राहिलेली नाहीं. केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांचें दप्तर संगणकावर आणण्यासाठीं २,५१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. तींत सर्वांस एकच सामाईक सॉफ्टवेअर पुरविण्याचें योजिलें आहे. परंतु शेतकरी उत्पादक कंपन्या, रोपवाटिका, द्राक्षडाळिंबांचीं पॅकहाऊसें यांस आपली निवड आपणच करावी लागते. शिवाय दुसरी एक बाजू आहे. आपलींच शिकलेलीं मुलें हल्लीं अशीं सॉफ्टवेअरें तयार करूं लागलीं आहेत, व माल चांगला असूनहि तो दाखवावा कसा हें न कळल्यामुळें त्यांचा माल पडून राहतो. म्हणून विकणारा व घेणारा या दोघांच्याहि उपयोगीं पडावें अशा हेतूनें, सॉफ्टवेअरच्या प्रात्यक्षिकाविषयीं, ज्यास बाजारांत ‘डेमो’ म्हणतात त्याविषयीं, चार गोष्टी येथें क्रमानें सांगावयाच्या आहेत.

प्रात्यक्षिकाचें मूळ शेतांतच आहे

प्रात्यक्षिक म्हणजे काय, हें शेतकऱ्यास शिकविण्याचें कारण नाहीं. कारण ही विद्या शेतांतच वाढली. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतीं टेरेल गांवाजवळ १९०३ सालीं सीमन नॅप या शेतीतज्ज्ञानें केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याच्या पूर्वीं सरकारी खर्चानें नमुन्याचीं शेतें चालविलीं जात. लोक तीं पाहून परत जात. पण सरकारच्या पैशानें कोणाचेंहि पीक येईल असें म्हणून स्वतः कांहीं करीत नसत. नॅपनें पद्धत बदलली. वॉल्टर पोर्टर नांवाच्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनींत, त्याच्याच हातून, कपाशी व मका यांची सुधारलेली लागवड करविली. नुकसान झाल्यास तें भरून देण्याची हमी गांवच्या व्यापाऱ्यांनीं घेतली होती. ती हमी वापरण्याची वेळ आली नाहीं. पोर्टरला फायदाच झाला, आणि पुढें याच धर्तीवर प्रात्यक्षिकांचें काम त्या देशांत दूरवर पसरलें.

या प्रयोगांतील तीन अंगें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. जमीन ज्याची त्याची होती. काम ज्याचें त्यानेंच केलें. आणि चुकल्यास बुडण्याचें भय काढून टाकलें होतें. सॉफ्टवेअरचें चांगलें प्रात्यक्षिक म्हणजे हींच तीन अंगें पडद्यावर उतरविणें होय. यापैकीं एक जरी गळलें तरी उरते ती केवळ जाहिरात.

संगणकाच्या क्षेत्रांतहि याचा दाखला आहे. ता. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें डग्लस एंगेलबार्ट या अभियंत्यानें सुमारें एक हजार तज्ज्ञांपुढें आपल्या संगणक-व्यवस्थेचें प्रात्यक्षिक दीड तासपर्यंत केलें. संगणक सभागृहांत नव्हता. तो सुमारें ५० किलोमीटरांवर मेन्लो पार्क येथें होता, व तारा आणि बिनतारी लहरी यांच्या साहाय्यानें तो सभेस जोडला होता. आज आपण ज्यास ऑनलाइन म्हणतों त्याचाच हा पूर्वावतार. हल्लीं सर्वांच्या परिचयाचा झालेला ‘माऊस’ही लोकांनीं त्या दिवशीं पाहिला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. इतक्या नवलाच्या यंत्रावर त्यानें उदाहरण म्हणून काय घेतलें? घरीं जातांना आणावयाच्या किराणामालाची यादी! ती त्यानें लिहिली, तिची प्रकारवार विभागणी केली, व वाटेंत कोठें कोठें थांबावें याचा नकाशा काढून दाखविला. यंत्र अपरिचित, म्हणून काम तरी परिचित असावें, ही दृष्टि त्यांत आहे.

प्रात्यक्षिकाचे चार प्रकार

इंटरनेटवर आढळणारीं प्रात्यक्षिकें ढोबळ मानानें चार प्रकारचीं असतात. पहिला प्रकार चित्रफितीचा. तींत दुसरा मनुष्य काम करतो व आपण पाहतों. ओळख होण्यास ती बरी. पण पाहणाऱ्याच्या हातास कांहींच काम नसतें. दुसरा प्रकार चित्रमालेचा. सॉफ्टवेअरच्या पडद्यांचीं चित्रें ओळीनें जोडलेलीं असतात, व दाखविलेल्या जागींच बोट लावल्यास पुढचें चित्र येतें. करावयास हा स्वस्त, व तो मध्येंच बंद पडत नाहीं. परंतु वाट एकच व आंत हिशेब कांहींच होत नाहीं. तिसरा प्रकार सरावाच्या वाफ्याचा. येथें खरेंच सॉफ्टवेअर चालू असतें, मात्र त्यांतील नांवें व आंकडे नमुन्याचे असतात. पाहणारा हवें तें लिहूं शकतो, खोडूं शकतो. चौथा प्रकार मुदतीच्या वापराचा. यांत पुरें सॉफ्टवेअर ठराविक दिवस फुकट वापरावयास मिळतें.

या चारींत कोणता चांगला, असा प्रश्न करणें म्हणजे खुरपें चांगलें कीं नांगर चांगला असें विचारणें होय. परंतु ज्या मालाचें काम पैशाशीं व सभासदांच्या विश्वासाशीं आहे, त्याच्यासाठीं तिसरा प्रकार पाया धरावा, व बाकीचे त्याच्या मदतीस घ्यावे, असें माझें मत आहे. दिवसांच्या मुदतीविषयीं तर विशेष सावध असावें. शेतमालाचा धंदा हंगामी असतो. जूनमध्यें चौदा दिवसांची मुदत दिली तर सोयाबीनची खरेदी करणारी कंपनी त्या काळांत वजन कशाचें करणार? अशा ठिकाणीं मुदत दिवसांवर न ठेवतां पावत्यांच्या संख्येवर ठेवावी, म्हणजे ती वाया जात नाहीं.

रचना कशी करावी

प्रथम एकच काम निवडावें. सॉफ्टवेअरांत चाळीस सोयी असतील. त्या चाळीसहि दाखविण्याचा मोह बनविणाऱ्यास होतो, व पाहणारा गोंधळून उठून जातो. ज्या एका कामासाठीं घेणाऱ्याची झोप उडते तेंच काम घ्यावें. उत्पादक कंपनीच्या बाबतींत तें काम म्हणजे सभासदाच्या मालाची वजनपावती करण्यापासून त्याची पट्टी हातांत देण्यापर्यंतचें.

दुसरें, आंकडे त्या धंद्यांतलेच असावे. उदाहरणार्थ, समजा एका सभासदानें सोयाबीनचीं १२ पोतीं आणलीं. काट्यावर वजन ७३८ किलो भरलें. पोत्यामागें १ किलो बारदान वजा जातां निव्वळ माल ७२६ किलो, म्हणजे ७.२६ क्विंटल राहिला. भाव ४,००० रुपये धरल्यास रक्कम २९,०४० रुपये झाली. पोत्यामागें १० रुपये हमालीचे १२० व पूर्वीं घेतलेली उचल ५,००० रुपये वजा जातां सभासदाच्या हातीं २३,९२० रुपये पडावयाचे. आतां पाहणाऱ्यास सांगावें कीं, भाव ४,१०० करून पाहा. त्यानें आंकडा बदलतांच खालची रक्कम २४,६४६ झाली पाहिजे. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचें व्हिसिकॅल्क हें आंकडेमोडीचें सॉफ्टवेअर निघालें, तेव्हां त्याच्या यशाचें मर्म हेंच होतें. एका चौकटींतील आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेले सर्व आंकडे आपोआप बदलत. रात्र रात्र जागून बेरजा पुन्हां करणाऱ्या मनुष्यास त्यापुढें निराळें व्याख्यान देण्याची गरज उरत नसे.

तिसरें, पहिलें फळ लवकर हातीं यावें. दार उघडल्यापासून पट्टी तयार होईपर्यंत पांचसात पायऱ्यांहून अधिक नसाव्या. सूचना थोड्या असाव्या, त्या जेथें काम आहे तेथेंच दिसाव्या, व नको असल्यास बाजूस सारतां याव्या. नवख्या गड्यास काम सांगणारा शहाणा शेतकरी औत हातीं देतो व बांधावर उभा राहतो; तो औतापुढें उभा राहत नाहीं.

चौथें, चूक करूं द्यावी. पाहणारा मुद्दाम ७३८ च्या जागीं ७,३८० लिहील. अशा वेळीं बारा पोत्यांस हें वजन अधिक दिसतें असें सॉफ्टवेअरनें विचारलें, तर त्याचा विश्वास दुणावतो. चुकलेलें परत फिरवितां आलें पाहिजे, व सगळेंच बिघडल्यास एका बटनानें वाफा पुन्हां पूर्ववत् झाला पाहिजे. यासाठीं प्रत्येक पाहुण्यास नमुन्याच्या दप्तराची स्वतंत्र प्रत द्यावी. नाहीं तर एकानें खोडलेलें दुसऱ्यास दिसावयाचें. आणि त्या दप्तरांत खऱ्या गिऱ्हाइकांचीं नांवें, खातीं किंवा फोन नंबर कदापि ठेवूं नयेत. दुसऱ्याचे हिशेब आपल्यास दाखविणारा मनुष्य उद्यां आपले हिशेब तिसऱ्यास दाखवील, हें घेणारा तत्काळ ओळखतो.

पांचवें, वेशीवर अडवूं नये. कित्येक ठिकाणीं प्रात्यक्षिक पाहावयाचें म्हटलें कीं आधीं नांव, मोबाईल नंबर व कंपनीची उलाढाल विचारतात. नंबर दिला कीं त्या दिवसापासून फोन सुरू होतात, हा अनुभव आतां सार्वत्रिक आहे. आधीं काम करूं द्यावें. पट्टी तयार झाल्यावर ‘ही जपून ठेवावयाची असल्यास नंबर द्या’ असें विचारावें. त्या वेळीं जो देईल तो मनापासून देईल.

सहावें, मर्यादा घालावयाची ती परिमाणास घालावी, गुणास घालूं नये. आपल्याकडे दुकानोदुकानीं वापरांत असलेल्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची एक शैक्षणिक पद्धत आहे. परवाना न घेतांहि ती वापरतां येते, मात्र नोंदी महिन्यांतील पहिली, दुसरी अशा मोजक्या तारखांसच करतां येतात. त्यामुळें शिकणाऱ्यास जवळजवळ सर्व काम शिकतां येतें, पण त्यावर दुकान चालवितां येत नाहीं. ही युक्ति अनुकरणीय आहे. उलट, जें उत्तम तेंच झांकून ठेवून केवळ वरवरचें दाखविणारें प्रात्यक्षिक कोणाचेंच काम करीत नाहीं.

सातवें, ज्या ठिकाणीं माल वापरावयाचा तेथल्या परिस्थितींत तो चालवून पाहावा. शहरांतील मोठ्या पडद्यावर व वेगवान जोडणीवर सर्वच सुरेख दिसतें. खरेदीकेंद्रावर मात्र धुळीनें माखलेला मोबाईल, दुपारचें ऊन व मधून मधून तुटणारी रेंज असते. बोट लावण्याच्या जागा मोठ्या असाव्या; पानें हलकीं असावीं; आणि मराठी मजकूर युनिकोडमध्यें असावा. जुन्या फाँटांत टंकलेलीं सभासदांचीं नांवें तशींच उचलून घातल्यास अक्षरें बिघडतात व पुढें तीं नांवें शोधूनहि सांपडत नाहींत.

शेवटीं, पाहणारे कोठें थांबतात हें मोजावें. समजा १०० जणांनीं प्रात्यक्षिक उघडलें. ८० जणांनीं वजन लिहिलें. ७५ जण वजावटीपर्यंत आले. आणि पट्टी फक्त ३० जणांनीं काढली. तर दोष पाहणाऱ्यांत शोधूं नये. पाटाचें पाणी मध्येंच आटलें तर आपण ढगाकडे पाहत नाहीं, पाट कोठें फुटला तें पाहतों. वजावटीच्या पायरीशींच कांहीं शब्द दुर्बोध असेल, किंवा बटन दिसत नसेल. तें सुधारून पुन्हां मोजावें.

घेणाऱ्यानें पारख कशी करावी

आतां दुसरी बाजू. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसुली दप्तरांत गेली. तेथें एक गोष्ट पक्की कळली कीं, चुकीची नोंद होण्यास क्षण लागतो, व ती दुरुस्त होण्यास अर्ज, जबाब व हेलपाटे लागतात. सातबारावरील लेखनप्रमाद सुधारण्यासाठीं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्यें कलम १५५ ची वाट तरी आहे. खाजगी सॉफ्टवेअरांत बिघडलेल्या खात्यास असें कलम नाहीं. आणि तशा घोळांत पहिला बळी जातो तो ज्याची दोन पोतीं आहेत त्याचा. कारण त्याच्यापाशीं भांडावयास दुसरा कागद नसतो. म्हणून प्रात्यक्षिक पाहतांना दाखविणाऱ्याच्या आंकड्यांवर समाधान मानूं नये. आपले आंकडे न्यावे, व तेहि नडणारेच न्यावे. पुढील सहा कसोट्या कोणासहि लावतां येतील.

(१) क्षेत्राची कसोटी. ३९ गुंठे व २ गुंठे यांची बेरीज करावयास सांगावी. उत्तर १ एकर १ गुंठा आलें पाहिजे. ०.४१ एकर असें आलें तर बनविणाऱ्यास ४० गुंठ्यांचा एकर ठाऊक नाहीं असें समजावें. तसेंच क्षेत्र हेक्टर-आरमध्यें आहे कीं एकर-गुंठ्यांमध्यें, हें प्रत्येक रकान्यावर लिहिलेलें असावें. ४० आर आणि ४० गुंठे एक नव्हेत, व १०० आर झाल्यावांचून हेक्टर होत नाहीं.

(२) नांवाची कसोटी. एकाच गांवांत एकाच नांवाचे व आडनांवाचे तीन सभासद असतात. फरक बापाच्या नांवांत असतो, व कधीं तेंहि सारखेंच निघतें. अशा तिघांचीं खातीं उघडून एकाची रक्कम दुसऱ्याकडे जात नाहीं ना, हें पाहावें.

(३) तारखेची कसोटी. सोसायटीचें हिशेबी वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. खरेदी मार्चांत व चुकती रक्कम एप्रिलांत, असें उदाहरण घालून येणेंदेणें पुढील वर्षांत बरोबर ओढलें जातें कीं नाहीं हें तपासावें. व्याजासाठीं २९ फेब्रुवारी हा दिवसहि घालून पाहावा.

(४) खोडाखोडीची कसोटी. झालेली पावती रद्द करून पाहावी. ती नाहींशी झाली तर सॉफ्टवेअर नापास. मूळ नोंद राहून, कोणी, केव्हां, काय बदललें हें दिसलें पाहिजे. कंपन्यांच्या बाबतींत ही केवळ सावधगिरी नव्हे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्यें प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे व ती सोय बंद करतां येतां कामा नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे; आणि उत्पादक कंपनी ही कायद्यानें कंपनीच आहे.

(५) रेंज गेल्याची कसोटी. पावती अर्धी झाली असतां मोबाईलचें इंटरनेट बंद करावें, व पुन्हां सुरू करावें. पावती एकदांच राहिली कीं दोनदां उमटली, कीं मुळींच गेली, हें पाहावें.

(६) बाहेर पडण्याची कसोटी. उद्यां हें सॉफ्टवेअर सोडावयाचें झाल्यास आमचें सर्व दप्तर आम्हांस वाचतां येईल अशा स्वरूपांत एकाच वेळीं काढून मिळेल काय, असें विचारावें व तेथल्या तेथें काढून दाखवावयास सांगावें. वाडा घेतांना मागचें दार कोठें आहे तें पाहणारा मनुष्य शहाणा.

या कसोट्या लावतांना एक पथ्य पाळावें. प्रात्यक्षिक हें सरावाचें ठिकाण असल्यानें तेथें आपल्या सभासदांचे खरे आधार क्रमांक किंवा बँक खातीं लिहूं नयेत. नांवें बदलून, आंकडे मात्र खऱ्या घडणीचे ठेवावे. व परीक्षा संचालकांनीं एकट्यानें न करतां, जो रोज काट्यावर बसतो त्याच्या हातून करवावी. वापर त्यालाच करावयाचा असतो.

विकणाऱ्यांनीं या कसोट्यांस भिऊं नये. उलट ज्यास आपल्या मालाचा भरंवसा आहे त्यानें त्या स्वतःच प्रात्यक्षिकांत घालाव्या. ‘येथें ३९ व २ गुंठे लिहून पाहा’ असें म्हणणारा विक्रेता दहा जाहिरातींचें काम एका ओळींत करतो. जी सोय अद्याप तयार नाहीं तीवर ‘तयार नाहीं’ असें स्पष्ट लिहावें. तयार असल्याचा देखावा करूं नये. प्रात्यक्षिकांत जें दिसलें तें खरेदीनंतर सांपडलें नाहीं, तर तो एक गिऱ्हाईक जातोच, पण त्याच्या आठवड्याच्या बाजारांतले पन्नासहि जातात.

ज्या कंपन्यांस येत्या हंगामापूर्वीं सॉफ्टवेअर घ्यावयाचें आहे त्यांनीं मागील हंगामांतील सर्वांत घोटाळ्याच्या दहा पावत्या आतांच बाजूस काढून ठेवाव्या. दाखविणारा येईल तेव्हां त्याच्या नमुन्याच्या पोत्यांऐवजीं त्या दहा पावत्या, नांवें तेवढीं बदलून, त्याच्यापुढें ठेवाव्या, व त्याच्या सॉफ्टवेअरांत आपल्या माणसाच्या हातानें उतरवून पाहाव्या. त्या दहाच्या दहा पट्ट्या जुळल्या तर पुढची बोलणी करावी. एक जरी न जुळली तर ती जुळेपर्यंत सही करूं नये.